खमंग म्हणजे कसं?

लीड्सच्या उत्तरेला, मीनवुडच्या रानाला पाठ टेकून विटांच्या घरांची एक ओळ उभी आहे. त्यातल्या टोकाच्या घरात यमुना रामटेके राहते. मूळची उमरेडची, नर्सिंग शिकली नागपुरात, आणि उभं आयुष्य इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात काढून गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिच्या हाताखालच्या पोरी एकेकाळी म्हणायच्या, सिस्टर यमुना वॉर्डाच्या दारातच थांबते, हवा हुंगते आणि कुठल्या पेशंटची जखम चिघळली आहे ते सांगते.

ते नाक साथीच्या पहिल्या लाटेत गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, अंगात ताकद आली, वास मात्र परतला नाही. आलं किसून केलेला चहा तिला गरम पाण्यासारखा लागला, तेव्हा आधी ती सतीशवरच, म्हणजे नवऱ्यावर, चिडली होती, चहापत्ती टाकायला विसरलास म्हणून. क्लिनिकमधून छोट्या बाटल्या मिळाल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज हुंगायच्या आणि तो तो वास आठवायचा. कितीतरी महिने ती डोळे मिटून लिंबू हुंगत बसली. बाटलीतून नुसती गार हवा यायची. शेवटी बाटल्या बाथरूमच्या कपाटात मागे सरकल्या त्या सरकल्याच.

लोकांना वाटतं, वासच तर गेला, त्यात एवढं काय. सतीशच्या शर्टात नाक खुपसलं तर नुसतं कापड लागायचं. स्वतःच्या अंगाचा भरवसा वाटेना, म्हणून ती दिवसातून दोनदा आंघोळ करू लागली. माणसांत असतानाही आपण जरा लांब, धुक्यात उभे आहोत असं तिला वाटायचं. हळूहळू तिला त्या धुक्याची सवय झाली. तरंगत तरंगत दिवस जायचे.

दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, हे सतीश हुंगून सांगायचा. या शरद ऋतूत भावाचं ऑपरेशन निघालं म्हणून तो नागपूरला गेला आणि घरातलं नाकही त्याच्याबरोबर गेलं. दुसऱ्याच आठवड्यात यमुनेनं डाळ गॅसवर ठेवली आणि खिडकीत उभी राहून पानगळ बघत राहिली. आधी अलार्म कोकलला, मग शेजारचा कीथ दार ठोठावत आला. डाळीचा कोळसा झाला होता. ती ज्या खोलीत उभी होती तिथेच धूर भरला होता, आणि तिला वाटत होतं की धुकं जरा दाट झालंय.

बर्मिंगहॅमला बँकेत नोकरी करणाऱ्या लेकीला, अक्षयाला, ही बातमी कीथकडून कळली. पुढच्या शनिवारी ती एक मोठं खोकं घेऊन ट्रेनमधून उतरली.

"आई, हा स्लो कुकर आहे. ह्याच्यात काही बर्न होत नाही. प्रॉमिस."

"मला आता गॅसजवळ उभी राहू देणार नाहीस का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

अक्षयाला मराठीत पुढे सांगता आलं नाही. तिचं मराठी असंच होतं, कळायचं सगळं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर दम लागायचा. खोकं जिन्याखाली गेलं. यमुना टोस्टवर आणि दहीभातावर राहू लागली. चव लागत नाही तर रांधायचं तरी कशाला? बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तरी तिला त्याचं काही वाटेना.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी कीथ पुन्हा दारात उभा. या खेपेला त्याच्या हातात गोठलेली, लालसर काळी वीट होती.

"ऑल राइट, लव्ह?" इथे सगळे सगळ्यांना म्हणतात तसं तो म्हणाला. "हरणाचा खिमा आहे. माझा पुतण्या फॉरेस्ट्रीत आहे. हरणं फार झालीत, कोवळी झाडं सोलून काढतात, म्हणून हिवाळ्यात थोडी मारावी लागतात. माझ्या पायाचं ड्रेसिंग तू महिनाभर केलंस, त्याबद्दल हे."

यमुनेनं ती वीट हातात घेतली आणि नकळत रस्त्यावर डावीउजवीकडे पाहिलं. उमरेडच्या बाजूला हरणाचं मांस घरात सापडलं तर माणूस थेट तुरुंगात जातो. इथे मात्र दिवसाढवळ्या दारात उभं राहून चालली होती देवाणघेवाण.

"करायचं कसं?"

"काही नाही. स्लो कुकर आहे ना? कांदा, गाजर, स्वीड, मूठभर बार्ली, स्टॉकचा क्यूब. झाकण ठेवायचं आणि विसरून जायचं."

"किती शिट्ट्या?"

"कसल्या शिट्ट्या?" कीथनं विचारलं, आणि कितीतरी दिवसांनी यमुना मोठ्यानं हसली.

विसरून जायचं, हे तिला पटलं. अलीकडे तेवढंच काम तिला नीट जमत होतं. संध्याकाळी अक्षया यायचीच होती. तिनं जिन्याखालून खोकं बाहेर काढलं.

पण कीथनं जाता जाता एक सांगून ठेवलं होतं. खिमा आधी तव्यावर परतून घे, नाहीतर फिका होतो. म्हणजे गॅस आलाच. बर्फ सुटल्यावर खिमा तव्यात टाकून ती हात बांधून समोर उभी राहिली, जागची हलली नाही. आधी पाणी सुटलं आणि खिमा बुडबुडत राहिला. मग पाणी आटलं आणि आवाज बदलला, ओला, जाडसर आवाज बारीक आणि कोरडा झाला, तडतडू लागला. कडा तांबूस झाल्या. तिनं गॅस बंद केला. नाक नव्हतं तरी कान होते, डोळे होते. इतके दिवस हे आपल्याला का सुचलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

भांड्यात कांदा, गाजराचे जाड तुकडे, सलगमसारखा तो स्वीडचा कंद, धुतलेली बार्ली, वर खिमा, क्यूब विरघळवलेलं गरम पाणी, दोन तमालपत्रं. आलं-लसूण न घालता मांस शिजवायला हात धजेना, म्हणून तेही घातलं. मग कपाटातून सावजी मसाल्याची बरणी निघाली. बहिणीनं कधीतरी पाठवलेली. यमुनेनं झाकण काढून सवयीनं नाकाशी नेली. काहीच नाही. मसाला उतरलाय की अजून जिवंत आहे, हे कोणाला विचारणार? क्षणभर ती बरणी हातात धरून उभी राहिली आणि मग एक चमचा टाकून मोकळी झाली.

कळ मंद आचेवर फिरवली. छोटा दिवा लागला. ना फडफड, ना शिट्टी. भांडं जणू काही घडतच नसल्यासारखं बसून राहिलं. बऱ्याच वेळानं काचेच्या झाकणाला आतून घाम फुटला. थेंब जमायचे, जड व्हायचे, घरंगळून पुन्हा रश्शात पडायचे. यमुना खुर्ची ओढून ते बघत बसली. बघता बघता तिचा डोळा लागला.

स्वप्नात ती उमरेडच्या अंगणात होती. आई मोठ्या कढईत मिरच्या भाजत होती. सगळी आळी खोकत होती, शिंकत होती, डोळे पुसत होती. एकटी यमुनाच मधोमध कोरडी उभी. "तुला कसं काही होत नाही गं?" आई विचारत होती. यमुनेला उत्तर द्यायचं होतं, पण तोंड उघडलं की आतून पांढरं धुकं निघायचं.

जाग आली तेव्हा खिडकीबाहेरही पांढरंच होतं. धुकं रानातून निघून परसाच्या कुंपणापर्यंत आलं होतं. तिनं कोट चढवला आणि मागच्या फाटकातून बाहेर पडली. चालायची पायवाट हातभर दिसायची आणि मग विरून जायची. बीचच्या झाडांची पानं पायाखाली ओली झालेली, आवाज न करणारी. कुठेतरी ओढा वाहत होता, पण उजवीकडे की डावीकडे ते कळेना. आपण अजून खुर्चीतच झोपलोय की काय, असं तिला वाटून गेलं.

आणि समोर हरीण होतं.

कुठून आलं ते दिसलंच नाही. धुक्याचाच एक तुकडा तपकिरी होऊन उभा राहावा तसं ते उभं होतं. कान मोठे, पाय काटकुळे, नाक काळं आणि ओलं. यमुना थिजली. घरात भांड्यात काय शिजतंय ते तिला आठवलं. बुद्धविहारात दर रविवारी ती पंचशील घेते आणि घरी येऊन मटण खाते. त्याचा तिनं कधी फारसा विचार केला नव्हता. आत्ताही तिला अपराधी असं वाटलं नाही. फक्त वाटलं की याला सगळं माहीत आहे.

हरणानं नाक वर उचललं. नाकपुड्या थरथरल्या. ते तिला हुंगत होतं. कांदा, लसूण, हळद, कोटाची लोकर, साबण, आणि त्याखाली यमुनेचा तिचा असा जो काही वास असेल तो. चार वर्षं ज्याचा पत्ता नव्हता ते सगळं हरणाला एका श्वासात मिळत होतं. आपल्याला वास आहे, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. कोणीतरी आपल्याला पुरतं ओळखलं असं तिला वाटलं.

मग त्याचा पांढरा पार्श्वभाग धुक्यात उसळला आणि दिसेनासा झाला.

अंधारून आलं तेव्हा अक्षयानं दार उघडलं. बॅग खांद्यावरच होती. उंबऱ्यात ती अशी थांबली, की यमुनेला वाटलं काहीतरी चुकलं, पुन्हा काहीतरी जळालं.

"काय झालं गं? धूर आहे का?"

"नाही आई. वास." अक्षयानं डोळे मिटले. "किती मोठी वास येते घरात."

"मोठा वास येतो," यमुना म्हणाली. व्याकरण तेवढं तिच्या ताब्यात होतं. मग तिनं विचारलं, "कसा आहे?"

"गुड. खूप गुड."

"तसं नको. नीट सांग. खमंग आहे का?"

"खमंग म्हणजे कसं?"

यमुना सांगायला गेली. खमंग म्हणजे खमंगच. भाजलेल्या बेसनाचा असतो तो, फोडणीचा असतो तो. पण त्या वासाच्या जागी आता तिच्या डोक्यात नुसता शब्द उरला होता, रिकाम्या बरणीसारखा. आणि समोर लेक उभी होती, नाक भरून वास घेत, पण तिच्यापाशी एकही शब्द नव्हता.

"इकडे ये," तिनं अक्षयाचा हात धरून तिला भांड्यापाशी नेलं आणि झाकण उचललं. वाफ दोघींच्या तोंडावर आली. यमुनेला ती फक्त ओली आणि उबदार लागली. "सांग आता. कसाही सांग, इंग्लिशमध्ये सांग. पण आधी काय येतं, मग काय येतं, ते सांग."

अक्षया वाफेत वाकली. "आधी... मांस. पण लॅम्बसारखं नाही. जंगलासारखं. पाऊस पडून गेल्यावर सॉईलचा असतो ना, तसं."

"मातकट."

"मातकट," अक्षयानं म्हणून पाहिलं. "मग गोड. गाजर असेल. मग काहीतरी वर, नाकात टोचणारं."

"उग्र? तिखटाचा ठसका?"

"ठसका नाही. पण... आई, आत्याचं कपाट! नागपूरचं. ज्याच्यात तिच्या साड्या असतात. तो वास."

यमुनेची नणंद साड्यांच्या घड्यांत लवंगा आणि दगडफूल ठेवायची, कसर लागू नये म्हणून; सावजी मसाल्यातही तेच दोन्ही.

"मसाला जिवंत आहे," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"काही नाही. वाढ."

खोल बशांत वाढून त्या खिडकीशी बसल्या. बार्ली फुलून मऊ झाली होती, खिमा दाताखाली न येता विरघळत होता. यमुनेला मीठ लागलं, तिखटाची झणझण लागली, ऊब घशातून खाली उतरताना लागली. बाकीचं अक्षया सांगत गेली, घासाघासाला थांबून, आणि यमुना शब्द पुरवत गेली. खिम्याचा? खरपूस. तमालपत्राचा? मंद. चुकलं, अक्षया म्हणाली, हा जरा कडवट आहे. मग कडसर म्हण. अक्षयाच्या बोलण्यात लिंग चुकत होतं, वचन चुकत होतं, यमुनेनं मधेच दुरुस्त करणं सोडून दिलं. एखादा शब्द लेकीच्या तोंडून बाहेर पडे आणि त्याच्या पाठीमागे, अगदी लांबवर, काहीतरी हलल्यासारखं यमुनेला वाटे. वास नव्हे तो. वास जिथे राहायचा ती जागा. तिनं बशी पुसून घेतली आणि पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एक डबा कीथकडे गेला. त्याला घाम फुटला, पण डबा त्यानं धुवून, पुसून परत आणला आणि तुझ्या देशात स्ट्यू असंच असतं का म्हणून विचारलं.

आता यमुना रोज रांधते. कधी मंद आचेवर, कधी गॅससमोर उभी राहून, आवाज ऐकत. सतीश परतलाय. त्याला ती विचारते, कसा आहे वास? तो म्हणतो, मस्त. त्याच्यापाशी शब्द भरपूर आहेत, पण वापरायचा आळस. म्हणून ती लेकीची वाट पाहते.

परवा अक्षयाचा फोन आला, बर्मिंगहॅमहून, ऑफिसमधून घरी चालत जाताना.

"आई, मी कॅनॉलच्या बाजूनं चालते आहे. इथे एक वास आहे. गंजलेलं लोखंड, आणि हिरवं, पाण्यातलं, आणि कुणीतरी टोस्ट करतंय. सगळं एकत्र. ह्याला काय म्हणतात?"

यमुनेनं विचार केला. उमरेडच्या तळ्यापासून नागपूरच्या गल्ल्यांपर्यंत फिरून आली. असा शब्द तिला आठवेना.

"याला शब्द नाही गं अजून," ती म्हणाली. "थांब जरा. बघते."

पलीकडे अक्षयाच्या चालण्याचा, श्वासाचा आवाज येत राहिला. लेकीनं फोन ठेवला नाही.