चंद्रीच्या गळ्यातलं सुलतान

अख्ख्या गडमुडशिंगीत आमच्या आकारामएवढं सुलतान कुणाला पाठ असतील तर दाखवा. माझा धाकटा भाऊ. त्यानं चौथीतनं शाळा सोडली, मी सातवी पास. पण म्हशीची धार काढावी तर त्यानंच, आणि त्याला शिकवली मी.

पणजीच्या डब्यात तांब्याची एकवीस नाणी हुती. पाडव्याला म्हशी मिरवायच्या, म्हणून आमच्या चंद्रीला त्याची माळ केली. भोकं मी पाडली, ड्रिलनं, बरोब्बर मधोमध. तवापासनं चंद्रीला सवयच लागली. माळ खुळखुळली की पान्हा सोडायची. माळ न्हाय तर दूध न्हाय.

मिरवणुकीत कॉलेजातल्या प्रियदर्शनी मॅडमनी ती माळ बघितली आणि दुसऱ्या दिवशी घरी हजर. बहमनी सुलतानांची नाणी हायत, पाचशे-सहाशे वर्सांची, म्हणाल्या. माझी भोकं बघून कपाळाला हात लावला. नेमकी नावावरच पडलीती. एवढा नेम कुणाचा असतोय?

त्यांना नाणी संग्रहालयात ठेवायची हुती. आकाराम न्हाय म्हणणारा न्हवं. पण रोज संध्याकाळी चंद्रीला कोल्हापुरात दूधकट्ट्यावर न्हेतो, तिथं गिऱ्हाईक धारोष्ण प्यायला गलास घिऊन हुबं असतंय, त्यांस्नी काय पाजायचं? धा-धाच्या नाण्यांची माळ घालून बघितली. चंद्रीनं बादली उडवली. शेवटी त्यो म्हणाला, "मॅडम, रोज तासभर तरी सुलतान आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

मग मॅडमच कट्ट्यावर येऊ लागल्या. चंद्रीच्या गळ्याशी बसायचं, भिंग लावायचं, भोकाच्या कडंची अक्षरं जुळवून मोठ्यानं वाचायचं. अहमदशाह, अलाउद्दीन, महमूदशाह. खाली दूध आपलं सुरू.

पंधराव्या दिवशी माळ तुटली. सगळं सुलतान शेणात. मॅडम एकेक वेचत नावं घेत ऱ्हायल्या, आणि गळ्यात काय नसताना बी चंद्रीची धार थांबली न्हाय. आकारामनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"न्या, मॅडम," म्हणाला त्यो.

आता नाणी संग्रहालयात हायत आणि आकाराम बादली गुडघ्यात धरून अख्खं घराणं म्हणतोय. फकस्त हुमायूनला गाळतोय. त्यो लई जुलमी हुता म्हणं; एकदा त्याचं नाव घेतलं तर चंद्रीनं लाथ घातली.

परवा कॉलेजची पोरं आलती, परीक्षेसाठी यादी उतरून घ्यायला. यादीत एक नाव कमी हाय म्हणून कुठल्या सरांनी गुण कापलं, तर त्यांस्नी म्हणावं, एकदा धारंला येऊन बसा.