दात सोडा म्हणणाऱ्या बाई

या, अशा जवळ या. तिथं उंबऱ्याशी काय बसलाय परक्यासारखं? आणि आधी ती हनुवटी तळहातावरून खाली उतरवा बरं. गालाला हात लावून ऐकायला बसायचं, ही काय रीत झाली? सगळ्या डोक्याचा भार एका बाजूच्या जबड्यावर. वर दातही आवळून धरलेत. मला दिसतंय की. ओठ मिटलेले राहू द्या, दात तेवढे सोडा.

हे शहाणपण माझं नव्हे, त्या बाईंचं. कुणी भेटलं की त्या आधी स्वतःच्या दोन्ही कानांपुढं दोन-दोन बोटं ठेवायच्या, समोरच्यालाही तसंच करायला लावायच्या आणि म्हणायच्या, "ओठ मिटा, दात सोडा. बघा, इथलं काहीतरी खाली बसलं की नाही?" आणि खरंच बसायचं.

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान होतं, त्याच्यावरच्या खोलीत त्यांचा दवाखाना. पाटीवर फिजिओथेरपी लिहिलेलं. गल्लीतली माणसं म्हणायची शेकवाल्या बाई. कंबर, गुडघे, आखडलेली मान, सगळं यायचं त्यांच्याकडं. पण त्यांचा जीव जबड्यात. "गुडघ्याला बसल्यावर आराम मिळतो हो," म्हणायच्या, "याला कुठली सुट्टी? जेवा, बोला, रडा, जांभई द्या, हाच कामाला."

रिक्षात बसल्या की आरशात रिक्षावाल्याचं तोंड बघायच्या. एकदा मी शेजारी होते. गर्दीत गाडी अडकली, त्याचा गाल फुगायला लागला, तशा ह्या पुढं वाकून म्हणाल्या, "मियाँ, हँडल पकडो, दाँत छोडो." तो बिचारा मागं वळून बघतच राहिला. मग उतरताना विचारतो, "आपा, आपको कैसे मालूम, मेरा सर दुखता?"

आणि कन्नड गावाला जाणाऱ्या एसटीतली गंमत सांगते. समोरच्या बाकावर एक बाई शेंगा खात बसलेली. आमच्या बाई बराच वेळ तिच्याकडं टक लावून बघत होत्या. मला लाज वाटायला लागली. मग त्या म्हणाल्या, "ताई, दोन शेंगा डाव्या बाजूनं पण खा की."

ती फणकारली. "तुमाला काय करायचंय वो?"

"मला काही नाही. पण तुमचा कान दुखतो ना डावा?"

तिनं पदर सावरला, आमच्याकडं सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "तुमी देवऋषी हाय काय?"

"नाही हो. मी तुमच्या शेंगा बघत होते."

कन्नड येईपर्यंत त्या बाईला गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलनं शेक कसा घ्यायचा ते पाठ झालेलं होतं. अशी त्यांची चौकस नजर. औषधाआधी सवय शोधायच्या. फोन खांद्यात धरून बोलणारा, लग्नाच्या बँडमध्ये पिपाणी वाजवणारा, अभ्यास करताना पेन्सिल चावणारी पोरगी, कुणाच्या जबड्यानं कुठं मार खाल्लाय ते त्यांना तोंड बघून कळायचं.

माझंच तेवढं कळलं नाही. आणि त्यात चूक माझी.

सांगते. आमच्या ह्यांचे कान चिकलठाण्याच्या एका कंपनीत गेले. पत्रा दाबायच्या प्रेसवर अख्खी नोकरी काढली, निवृत्त झाले तेव्हा मागून गाडीनं हॉर्न दिला तरी समजायचं नाही. लेकीनं कानाचं मशीन आणून दिलं. ह्यांनी आठ दिवस लावलं आणि काढून खणात ठेवलं. म्हणाले, "ह्याच्यात सगळं जगच आरडतं. मला तुझंच पायजे."

माझं त्यांना कळायचं ते माझ्या तोंडाकडं बघून. मी बोलायची, ते माझे ओठ बघायचे. लग्नाकार्यात बायका कोपरानं ढोसायच्या मला, "अगं, या वयात पण नजर काढत नाही गं तुझ्यावरनं!" नजर काढली तर ऐकू कसं येणार? पण मी काही खुलासा केला नाही. राहू दे त्यांचा समज.

अशात माझ्या कानापाशी कट् वाजायला लागलं. घास घेतला की कट्. मग ठणका. कुणी म्हणालं कान आहे, लसणाचं तेल घाला. घातलं. कुणी म्हणालं दाढ आहे. दाढ काढली. दाढ गेली, ठणका राहिला. गावाकडं, पिशोरला, थोरल्या जाऊबाईंनी आंबेहळदीचा लेप लावून हनुवटीपासून टाळूपर्यंत फडकं आवळून बांधलं, दोन दिवस मी आजारी बोकडासारखी हिंडत होते. वर त्यांचा सल्ला, जबडा आखडलाय, त्याला काम दे. म्हणून मी वाळल्या भाकरीच्या कडा चावायला लागले, रोज एक अख्खी सुपारी फोडायला लागले. दुखऱ्या बाजूनंच, मुद्दाम. आणि एका सकाळी तोंड उघडायला गेले तर उघडेचना. एक बोट जेमतेम जाईल एवढी फट.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, हाड ठीक आहे, सांधा आणि स्नायू धरलेत. दोन महिने व्यायाम करून बघा, नाहीतर भूल देऊन तोंड उघडावं लागेल, पुढचं पुढं.

भुलीची मला एवढी भीती नव्हती. भीती वेगळीच होती. दातांच्या फटीतून मी जे बोलत होते, ते ह्यांना दिसत नव्हतं. आधी तीन-तीनदा विचारायचे, "काय? काय म्हणलीस?" मग दोनदा. मग एक दिवस विचारणंच सोडलं. मी म्हणाले, "दूध नासलंय." ते माझ्याकडं बघून गोड हसले आणि मान डोलावली.

तुम्ही म्हणाल, लिहून दाखवायचं. आणली की पाटी. पण "अगंबाई!" हे पाटीवर लिहून काय होतं? तोवर मांजर दूध पिऊन गेलेलं असतं. आमच्या घरात दोन माणसं आणि दोघंही गप्प. मला रोज वाटायचं, तोंड उघडलंच नाही तर ह्यांना माझी आठवण तेवढी राहील, समोर बसलेली असून.

तर अशी मी झेरॉक्सच्या दुकानाचा जिना चढले.

बाई म्हणाल्या, "तुमची बोटं तोंडात घाला. माझी नको, तुमचीच. ज्याच्या तोंडाचं माप त्याच्याच हाताला असतं. तीन बोटं उभी मावली पाहिजेत." माझं एक मावलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या, आणि प्रश्न सुरू झाले. कुठल्या कुशीवर झोपता? जांभई कधी येते? उशी केवढी? काम काय करता?

"काही नाही. घरीच असते," मी म्हणाले.

"दात एकमेकांना कधी लागतात?"

"लागलेलेच असतात की. दात आहेत ते."

"नाही हो," बाई हसल्या. "घास चावताना लागायचे, गिळताना जरासे. बाकी दिवसभर वरच्यांनी वर, खालच्यांनी खाली. जीभ वर टाळूला टेकवून ठेवायची, 'न' म्हणताना टेकते तिथं."

आणि काम दिलं. कुकरची शिट्टी झाली, दाराची कडी वाजली, फोन वाजला की बघायचं, दात कुठं आहेत. मी बघायला लागले आणि मला माझंच नवल. बटाटे सोलताना आवळलेले. नळाला पाणी यायची वाट बघताना आवळलेले. देवापुढं हात जोडले तरी दात आवळलेले! एवढी वर्षं माझ्याच तोंडात हे चाललं होतं आणि मला पत्ता नाही.

शेक चालू होता. गालावर दोन बोटांनी गोल-गोल मालिश चालू होतं. बाई हातमोजा घालून अंगठा खालच्या दाढांवर ठेवायच्या आणि हळूच खाली ओढायच्या, "श्वास सोडा, मला मदत करू नका." भाकरी दुधात कुस्करून खात होते. घरी आरशावर कुंकवाची उभी रेघ ओढून, जीभ टाळूला लावून तोंड उघडायचं, हनुवटी रेघेवरून हलू द्यायची नाही. सगळं केलं. तीन आठवड्यांत एकाचं दीड बोट झालं आणि तिथंच थांबलं.

"हनुवटी कुठंतरी जातेय तुमची," बाई म्हणायच्या.

"नाही हो, सरळच येते. मी रोज बघते आरशात."

"तुम्ही बघता तेव्हा येते. तुम्ही बघत नाही तेव्हाचं कोण सांगणार?" मग म्हणाल्या, "घरात तुमच्याकडं सगळ्यात जास्त कोण बघतं?"

मला हसू आलं. "या वयात कोण बघणार? हे बघतात. पण ते ऐकायला."

"म्हणजे?"

मी फटीतून, हातवारे करत सगळं सांगितलं. बाई खुर्चीतून उठल्याच. "एवढे दिवस हे सांगितलं का नाहीत मग मला? उद्या घेऊन या त्यांना."

दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाई त्यांच्यासमोर बसल्या, सावकाश, शब्द तोंडात पुरता उमटवत विचारलं, "यांचं तोंड उघडताना कसं दिसतं?"

ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते बोलतात मोठ्यानं. खालच्या दुकानात ऐकू गेलं असेल. "उजवीकडं पळती तिची हनुवटी! लई दिवस झालं."

"कधीपासून?"

"धाकटीच्या लग्नापासनं. त्याच्या आधी 'आ' सरळ व्हता तिचा. मग वाकडा झाला. आता मला वाकडाच वाचता येतो."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलं न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. कान तपासला, दाढ काढली, फोटो काढला. वर्षानुवर्षं रोज माझं तोंड वाचणारा माणूस दवाखान्याबाहेर बाकावर पिशवी घेऊन बसलेला असायचा. त्याला ऐकू येत नाही म्हणून त्याला कुणी काही विचारायचं नाही. मीही नाही.

"आन् दोरा तोडती ना दातानं," ह्यांचं चालूच होतं. "उजव्याच दातानं. बटणाचा दोरा असला की आख्खी मान फिरवती. लग्नात समद्या बायकांचे ब्लाऊज हिनंच शिवले."

"तुम्ही शिवता?" बाईंचा आवाज चढला. "मला म्हणालात घरीच असता!"

"घरीच असते की. मशीन घरातच आहे."

आता हसताय तुम्ही. पण विचारा आमच्या गल्लीतल्या कुणालाही. कुणी पापड लाटतं, कुणी फॉल-पिको करतं, आणि काम काय म्हटलं की सगळ्यांचं उत्तर एकच, काही नाही, घरीच असते. शिवण मी कुणाकडं शिकले नाही, जुना ब्लाऊज उसवून बघितला आणि तसा परत जोडला. दोन्ही हात कापडावर असताना कात्री कोण उचलणार? दात होतेच. ते कामात धरायचे असतात हे मलाच ठाऊक नव्हतं.

बाईंनी उठून दोरा कापायची एक छोटी कात्री फितीत ओवली आणि माझ्या गळ्यात घातली. "हे तुमचं दुसरं मंगळसूत्र. मशीनवर बसलात की हे घालूनच." आणि आरसा बंद केला. आरशाच्या जागी हे.

रोज दुपारी हे समोर स्टुलावर बसायचे. मी जीभ टाळूला लावून तोंड उघडायची आणि हे हातानं दाखवायचे, कंपनीच्या गेटात ट्रक मागं घेताना दाखवतात ना, तसं. "येऊ द्या... जरा डावं... आणखी डावं... येऊ द्या... बास!" शेजारची बाई खिडकीतून बघून गेली, दोघांना काय झालंय म्हणून. पण हनुवटी सरळ यायला लागली. दुसरं बोट मावलं. तिसऱ्याचं नख टेकलं.

आणि एक दिवस मी ह्यांनी सोललेल्या वाटाण्यांचं पातेलं त्यांच्या पुढ्यातून उचलताना नेहमीसारखं पुटपुटले, "सोललेत का नीट?" उत्तराची आशा नव्हतीच, पातेलं घेऊन आत निघाले. मागून मोठ्यानं आवाज आला, "निम्म्यात आळ्या निघाल्या!"

मी वळले. आणि तेच पुन्हा विचारलं. नुसतं उत्तर ऐकायला.

मोठ्या डॉक्टरांनी तीन बोटं बघितली आणि भुलीचा कागद फाडून टाकला. बाईंना सांगायला गेले तर त्या कुणाचीतरी मान शेकत होत्या. "वाटाणे महत्त्वाचे," म्हणाल्या. "बोटं तर माझ्या वहीसाठी."

त्याच वर्षी त्यांची आई अंथरुणाला खिळली. खोली बंद करून त्या नांदेडला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला घरी आल्या. मी आत उपमा करत होते. बाहेर दोघं बसलेली, आणि बाहेरून आवाज काही येईना. मला वाटलं, काय ही माणसं, एक शब्द बोलत नाहीत. दारातून डोकावले.

बाई बोलत होत्या. नुसत्या ओठांनी, आवाज न काढता. सावकाश, खूप वेळ. आणि हे त्यांच्या तोंडाकडं बघत होते, माझ्याकडं बघतात तसे, पापणी न हलवता. मधेच बाईंनी डोळे पुसले, पुन्हा बोलायला लागल्या. जगाची तोंडं बघणारी ती बाई स्वतःच्या घरचं चकार शब्दानं कधी बोलली नव्हती. शेवटी हे म्हणाले, आणि तेही कधी नव्हे ते हळू आवाजात, "व्हय. न्हाई सांगत कुणाला. तिलाबी न्हाई."

उपमा खाऊन बाई गेल्या. निघताना दारात मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांना विचारा." ह्यांना विचारलं, तर म्हणतात, "तुझ्या कामाचं न्हाई." वर्षं झाली. खोलीत आता शिकवणी चालते. बाईंचा जुना नंबर लागत नाही. ज्याला सांगितलेलं भिंतीलासुद्धा ऐकू जात नाही असा माणूस त्यांना आमच्याच घरात सापडला, आणि मी चार पावलांवर फोडणी परतत उभी.

तुमचं जाणं-येणं असतं नांदेडकडं. समोरच्याच्या गालाकडं टक लावून बघणारी कुणी बाई बसमध्ये, बाजारात दिसली, तर ओळख काढा. माझा नमस्कार सांगा, माझं तोंड अजून तीन बोटं उघडतं म्हणावं. जमलं तर हळूच विचारा, त्या सकाळी काय बोललात. आणि मग तिकडं रमू नका बरं, सरळ आमच्याकडं या. फार दिवस लावू नका. हे काही बोलायचे नाहीत, आणि मला फार ऐकायचंय.