डझनावर एक गाव

सोलापूरच्या भवानी पेठेत आमचं चादरींचं दुकान होतं. माल डझनाने जायचा, आणि जुनं गिऱ्हाईक डझनावर एक चादर फुकट मागून घ्यायचंच. अप्पा कुरकुरत द्यायचे. म्हणूनच की काय, दुसऱ्याच्या दुकानातून तेही वर काहीतरी घेतल्याशिवाय उठत नसत.

दादा इंग्लंडला नोकरीला होता. त्याला मुलगा झाला आणि त्याने आम्हाला बोलावलं. जाणार अप्पा आणि अव्वा, म्हणजे आमचे आईवडील, आणि इंग्रजी बोलायला मी. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मला ते बोलता येतं, असं घरात सगळे धरून चालले होते. खरं तर बोलायचं म्हटलं की कुठल्याही भाषेत मी दुसऱ्याला पुढे करायचे.

तिकिटं काढायला आम्ही पुण्याला एका एजंटाकडे गेलो. वाटेत उतरून एखादं शहर बघितलं तरी जादा भाडं पडत नाही, असं त्याने सांगितलं आणि अप्पा खुर्चीत पुढे सरकले.

"म्हंजे रोम बघितलं तरी तेवढंच, न्हाय बघितलं तरी तेवढंच?"

"तेवढंच."

"मग पॅरिस पण लावा की. आन वर एक काय देता?"

"वर म्हणजे?"

"एक गाव वर टाका की ओ! तिघंजण चाललोय."

एजंट हसला. मला हसू आलं नाही. लग्नसराईच्या आत परत येऊन दुकान उघडायचं होतं, त्यामुळे वाटेतलं प्रत्येक शहर दादाकडच्या मुक्कामातून कापलं जाणार होतं.

अव्वा शेजारी पदर सावरून बसली होती. बरेच महिने ती तांदळातले खडे बोटांनी शोधत होती. जिन्याच्या तोंडाशी थांबून पायाने पायरी चाचपायची. लोणच्याच्या बरणीमागे तिने डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली ठेवली होती. बाटलीवरचं इंग्रजी मी वाचलं होतं; औषध काचबिंदूचं होतं. अव्वाने कुणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अप्पांनी आणखी एका शहराचं नाव घेतलं तेव्हा मी बोलले. अप्पांना कळू नये म्हणून इंग्रजीत, टेबलाच्या कडेकडे बघत. माझ्या आईची दृष्टी जाते आहे, वडिलांना ते माहीत नाही, तिला नातवाजवळ जितके दिवस मिळतील तितके हवे आहेत. अडखळत का होईना, वाक्य पुरं झालं.

एजंटाने अव्वाकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी अजून त्याची आभारी आहे. त्याने दुसरं भाडेपत्रक काढलं. एकाच गावी जाऊन राहायचं असेल तर यापेक्षा स्वस्त तिकीट आहे, मात्र वाटेत कुठे उतरता येणार नाही.

"स्वस्त हाय तर आधी सांगायचं की!" अप्पा म्हणाले. उठताना त्यांनी विमान कंपनीच्या नावाची एक खांद्याची पिशवी वर मागून घेतलीच.

दादाच्या घरात एकच मोठी खिडकी होती. अव्वा दिवसभर बाळाला घेऊन तिथे बसायची. दादा म्हणायचा, चल, राजवाडा दाखवतो. ती म्हणायची, "तुमी जावा."

एका दुपारी सगळे बाहेर गेले होते. बाळ झोपलं होतं.

"पुण्यात तू त्या सायबाला साईट म्हनलीस," अव्वा म्हणाली.

मी बाळाच्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागले.

"डॉक्टर बी तेच म्हनतोय. साईट, साईट. तेवढं इंग्रजी येतंय मला."

"अप्पांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी हितं आणलं असतं का? एका दवाखान्यातनं दुसऱ्या दवाखान्यात फिरवत बसले असते." तिने बाळाच्या अंगावरची सोलापुरी चादर नीट केली. मग म्हणाली, "ह्याला बगून घेतलं. आता तू ये. अशी उजेडात बस."

कुणी निरखून बघितलं की मान खाली घालायची माझी सवय होती. त्या दुपारी तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि तिने हात काढेपर्यंत मी मान खाली घातली नाही.