हळू आवाजाचं वाद्य

प्रमोदिनी खासनीस काय करते असं आमच्या राजाजीनगरात कुणालाही विचारा, “गिटार शिकवते” असंच उत्तर मिळेल. ते खोटं नाही. पण तिला स्वतःला विचारलंत तर ती म्हणते, “मी ल्यूट वाजवते.” त्यावर समोरचा हमखास विचारतो, “लूट?” सुरुवातीला ती वैतागायची. आता हसून म्हणते, “लूट नाही हो, ल्यूट. लुटण्यासारखं आमच्याकडे काही नाही.”

आमची घरं समोरासमोर. मी तिच्याहून बरीच मोठी, म्हणून ती मला मुग्धाअक्का म्हणते. तिचे वडील हरीकाका मूळचे मिरजेचे. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बंगळूरला आले आणि इथलेच झाले. आमच्यासारखंच त्यांच्याही घरात मराठीला कानडीची फोडणी असते. ‘जरा थांब’ऐवजी “स्वल्प थांब गं” असं काका म्हणाले की पाहुणे चमकतात, आम्हाला कळतही नाही.

ल्यूट तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. कलिंगड उभं कापून अर्धं पालथं ठेवावं तशी त्याची पाठ. पुढची लाकडी फळी इतकी पातळ की हात लावायची भीती वाटावी, तिच्यात कोरलेली गोल जाळी, जोडीजोडीनं बसवलेल्या तारा, आणि मान शेवटी एकदम मागे वळलेली, मागून कुणी हाक मारल्यासारखी. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात ते घरोघरी वाजायचं. मग मागे पडलं, लोक विसरले. गेल्या शतकात काही जणांनी ते पुन्हा शोधून काढलं.

प्रमोदिनी शाळेत असताना चर्चमधल्या एका बाईंकडे गिटार शिकायची. परीक्षेसाठी नेमलेल्या रचनांमध्ये तिला जे आवडायचं त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘मूळ ल्यूटसाठी’. एकदा तक्रारीच्या सुरात मला म्हणाली, “अक्का, मला आवडतं ते सगळं दुसऱ्याच वाद्याचं निघतं!” तेव्हा आम्ही दोघींनीही ल्यूट पाहिलेलं नव्हतं.

बी.एस्सी. झाल्यावर तिनं घरात सांगितलं, ल्यूट शिकायला जर्मनीत ब्रेमेनला जायचंय, शिष्यवृत्ती मिळालीय. हरीकाकांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, “तंतुवाद्यच शिकायचं होतं तर मिरज काय वाईट होतं? रात्री गाडीत बसलं की सकाळी मिरज.”

“बाबा, मिरजेत ल्यूट नाही मिळत.”

“मागितलंस तर करून देतील.”

पण त्यांनी अडवलं नाही. गौरीकाकूंनी मेतकुटाचे दोन डबे भरून दिले आणि पोरगी गेली.

तिकडे पहिल्याच दिवशी तिच्या शिक्षकांनी तिचा उजवा हात हातात घेतला, नखं बघितली आणि म्हणाले, “ही कापावी लागतील.” गिटारवाल्यांची नखं म्हणजे जीव की प्राण. प्रमोदिनीनं ती वर्षानुवर्षं जपलेली, घासून, तेल लावून. भांडीसुद्धा डाव्या हातानं घासायची. ल्यूट मात्र बोटांच्या मांसानं वाजवायचं. ती खोलीवर गेली, रडली, आणि नखं कापून टाकली. पुढे कितीतरी दिवस तिच्या बोटांतून धड आवाज निघेना. शिकलेलं सगळं गेलं असं वाटायचं. मग एका सकाळी सराव करताना एकच सूर नीट लागला. मला फोनवर सांगत होती, “अक्का, कुणीतरी अगदी कानाशी येऊन माझं नाव घेतलं असं वाटलं.”

शिक्षण संपल्यावरही ती तिथे काही वर्षं राहिली. जुन्या संगीताच्या चमूंबरोबर गावोगाव फिरली, थंडगार चर्चमध्ये स्वेटरवर स्वेटर घालून वाजवलं, गायकांना साथ केली. नाव होऊ लागलं होतं. तेवढ्यात गौरीकाकू गेल्या. हरीकाका एकटे पडले, आणि राजाजीनगर सोडून ब्रेमेनला जाणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. प्रमोदिनी परत आली. लोक तिच्यापाशी हळहळायचे, करिअर सोडून आलीस म्हणून. तिला ते मुळीच पटायचं नाही. “तिथे प्रत्येक गावात दोन ल्यूटवाले आहेत,” ती म्हणायची. “इथे मी एकटी. सगळं शहर माझंच की!”

शहर तिचं होतं खरं, पण ते गप्प बसायला तयार नव्हतं.

ल्यूटचा आवाज किती, तर स्वयंपाकघरात फोडणी पडली की बैठकीतल्या माणसाला ऐकू येणं बंद होईल, इतका. आणि आमच्या गल्लीत खाली स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज, कोपऱ्यावर लग्नाचा हॉल, वर मेट्रो. माईक लावून पाहिला. बोटांचा खरखराट तेवढा मोठा झाला, ल्यूट होतं तेवढंच राहिलं. एका चित्रांच्या दालनात कार्यक्रम ठेवला, तर खिडकीखालीच बसथांबा. प्रत्येक रचनेच्या शेवटी, जिथे सूर हळूहळू विरायला हवा, तिथे नेमका हॉर्न वाजायचा. प्रमोदिनी ओठ दाबून हसायची आणि पुढची रचना सुरू करायची.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बेळ्ळंदूरची श्वेता भेटली. पुण्याहून आलेली, आयटीतली, गाण्याचं वेड असलेली मुलगी. तिनं आपल्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम ठरवला. “डोन्ट वरी ताई,” ती प्रमोदिनीला म्हणाली, “मी सगळ्या ग्रुप्सवर टाकलंय, पिन-ड्रॉप सायलेन्स पाहिजे म्हणून. मुलांनासुद्धा वॉर्निंग दिलीय.”

लोक खरंच शहाण्यासारखे बसले. पहिली रचना झाली. दुसरी सुरू झाली आणि वीज गेली. क्लबहाऊसच्या भिंतीला लागूनच सोसायटीचा जनरेटर होता. तो असा धडधडू लागला, की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी ऐकण्यासाठी कान इतका पुढे केला की खुर्चीसकट कलंडायचेच राहिले. प्रमोदिनीनं कार्यक्रम पुरा केला. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, पण त्यांना काय ऐकू आलं असेल देव जाणे.

परतताना रिंग रोडवर आम्हा दोघींची गाडी खोळंबली. मागच्या सीटवर ल्यूटची पेटी, तिला पट्टा बांधलेला. प्रमोदिनीनं मागे वळून तो जरा घट्ट केला. मग म्हणाली, “अक्का, मी आता गिटारच शिकवते. ते बरंय.” त्यानंतर कित्येक दिवस समोरच्या खिडकीतून ल्यूट ऐकू आलं नाही. तसं ते एरवीही गॅरेज बंद असेल तेव्हाच यायचं, पण मला फरक कळत होता. हरीकाकांनाही. “ती पेटी उघडत नाही हल्ली,” ते एकदा गेटपाशी हळूच म्हणाले.

गिटार शिकणाऱ्यांत एक देवाप्पा होते. पन्नाशी उलटलेले, दांडगे, बेळगावकडचे. शहराबाहेर होसकोट्यात त्यांचा छोटा कारखाना. जनरेटरचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून त्याच्यावर बसवायची लोखंडी खोकी ते बनवत. बोटं जाड, एका वेळी दोन तारा दाबल्या जायच्या, पण एकही क्लास चुकवायचे नाहीत. त्यांना कुठूनतरी बेळ्ळंदूरची हकीकत कळली. मी तेव्हा तिथेच चहा घेत बसले होते.

“ते जनरेटर आमचं नव्हे बघा, टीचर,” ते आधी म्हणाले. “आमचं खोकं असतं तर आवाज आला नसता.” मग गिटार बाजूला ठेवून म्हणाले, “आमच्याकडं एक खोली आहे की हो, आवाज मोजायची. दार लावलं की स्वतःचं काळीज ऐकू येतंय. तिथं वाजवा!”

प्रमोदिनी नको म्हणत होती. हरीकाकाच म्हणाले, “जाऊन तर बघू. मीही येतो.”

रविवारी आम्ही तिघं गेलो. कारखाना बंद होता, देवाप्पा पांढराशुभ्र शर्ट घालून फाटकात उभे. ती खोली म्हणजे खरंच नवल होतं. हातभर जाड दार, भिंतींना आणि छताला स्पंजाचे सुळके. दार लागलं आणि कानात दडे बसल्यासारखं झालं. प्रमोदिनीनं खुंट्या पिळून तारा जुळवल्या, त्यातच बराच वेळ जातो, आणि वाजवायला लागली.

सूर निघाला आणि तिच्या मांडीवरच मेला. एकही सूर दुसऱ्याला भेटायला थांबेना. वाळूत पाणी ओतावं तसं चाललं होतं. अर्ध्यावर तिनं हात थांबवला.

“काय चुकलं हो?” देवाप्पांचा चेहरा उतरला.

“काही नाही. तुमची खोली फार चांगली आहे, देवाप्पा. सगळा आवाज खाते. माझाही खाल्ला.”

 मग आधी देवाप्पाच हसले आणि आम्ही सगळेच हसत सुटलो.

“असू दे. जेवण तरी करून जावा,” ते म्हणाले.

जेवण कँटीनमध्ये होतं. पूर्वी तिथे रेशीमकोषांचं गोदाम होतं. लांबलचक दालन, दगडी भिंती, उंच कौलारू छप्पर, खाली शहाबादी फरशी. देवाप्पांच्या घरून ज्वारीच्या भाकऱ्या आणि झुणका आला होता. प्रमोदिनीनं स्टीलचा पेला टेबलावर ठेवला. तो टण्णकन वाजला, आणि ती तशीच थबकली. तिनं एक टाळी वाजवली. मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा एक वाजवली.

“जेवण झाकून ठेवा,” ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच ल्यूट आणायला गेली.

रविवारची दुपार. आजूबाजूचे सगळे कारखाने बंद. ती एका बाकावर बसली आणि तिनं चारशे वर्षांपूर्वीची एक संथ रचना वाजवली. प्रत्येक सूर उठायचा, छपरापर्यंत जायचा, आणि दुसरा येईपर्यंत तिथेच थांबायचा. मी तिला इतक्या वर्षांत कितीदा ऐकलं असेल, पण ल्यूट ऐकलं ते त्या दिवशी.

हरीकाकांचे कान आता जड झालेत. ते मुद्दाम पार शेवटच्या टेबलाशी जाऊन बसले होते. रचना संपली तेव्हा तिथून त्यांचा आवाज आला, “प्रमू, मागपर्यंत येतंय गं.” आणि जरा थांबून, “पुन्हा वाजव. मला नीट ऐकायचंय.”

तिनं पुन्हा वाजवली. भाकऱ्या गार झाल्या, कुणाची तक्रार नव्हती.

तेव्हापासून महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, होसकोट्याच्या त्या कँटीनमध्ये प्रमोदिनीची मैफल असते. पहिल्या वेळी आम्ही घरचेच होतो, आणि कारखान्यातले काही लोक बायकामुलांसह. पुढच्या वेळी श्वेता दोन गाड्या भरून बेळ्ळंदूरकर घेऊन आली. आता बाक पुरत नाहीत, लोक सतरंज्या आणतात. श्वेता ल्यूटच्या साथीनं जुनी इटालियन गाणी म्हणायला शिकलीय. आणखी दोघांनी परदेशातून ल्यूट मागवलंय, त्यामुळे ‘इथे मी एकटी’ असं काही प्रमोदिनीला आता म्हणता येत नाही. मैफलीनंतर सगळ्यांना उप्पिट्टू, म्हणजे आपला उपमा, आणि कॉफी देवाप्पांकडून. त्यावर ते कुणाचं ऐकत नाहीत.

यंदा तिथेच तिनं आपला पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. ऐन एका रचनेत बाहेरच्या पिंपळावर तांबट पक्षी ‘टुक्, टुक्, टुक्’ करू लागला, आणि गंमत म्हणजे लयीत. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, हे काढून टाकतो. प्रमोदिनीनं काढू दिलं नाही. अल्बम ब्रेमेनला पोचला तेव्हा तिच्या जुन्या शिक्षकांचा फोन आला. वाजवण्याबद्दल ते भरभरून बोलले आणि शेवटी म्हणाले, “आणि त्या पाचव्या रचनेत लाकडी ठोका कोण देतंय? फार संयमी वादक आहे.”

“इथलाच आहे, सर,” प्रमोदिनी म्हणाली. “पण तालमीला येत नाही.”