आत ओढलेला होकार

हिल्डुरच्या गावाकडे 'हो' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि श्वास झटकन आत ओढायचा. 'श्शुप' असा बारीक आवाज होतो, झाला होकार. उत्तरेतल्या त्या जंगलात माणसं चर्चमध्ये लग्नाला उभी राहतात तेव्हाही असाच होकार देतात आणि पाद्रीबुवांची काही तक्रार नसते. थंडीत तोंडातली ऊब उगाच का दवडायची, असा हिशेब असावा.

त्या जंगलात झाडं तोडायला यंत्रं आली आणि हिल्डुरचा नवरा रागनवाल्ड घरी बसला. सरकारी कचेरीतल्या साहेबाने दूर दक्षिणेत, स्कोने प्रांतात, जहाजं बांधायच्या कारखान्यात काम असल्याचं सांगितलं. त्या काळात गावंच्या गावं अशी खाली सरकत होती. हिल्डुर हटून बसली. शेवटी नवराबायकोत ठरलं की घर विकायचं नाही, नाताळपर्यंत बघायचं, आणि तिचा जीव रमला नाही तर गाशा गुंडाळून परत यायचं. 'तू सांगशील तसं,' असं रागनवाल्ड स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता.

स्कोनेत उतरल्यावर तिला काय दिसलं, तर काहीच नाही. नजर अडवायला एक धड झाड नाही. बिटाची शेतं, त्यांच्यावरून सुटलेला वारा, आणि वाऱ्याला वास ओल्या मातीचा. तिच्या गावी बर्फ पडला की हिवाळ्याचा अंधारसुद्धा उजळतो. इथे नोव्हेंबर म्हणजे नुसता चिखल. बोलीही अशी, की तोंडात गरम घास धरून बोलताहेत. पाववाल्या बाईने एकदा विचारलं, कागदात गुंडाळून देऊ का? हिल्डुरने रीतसर श्वास ओढला. बाईने तिच्या गळ्याकडे काळजीने पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. इथल्यांना प्रश्न विचारायची हौस दांडगी, उत्तराशी मात्र देणंघेणं नाही, असं तिने नवऱ्याला सांगितलं. त्याला हसू आलं. कारखान्यात त्याच्या हाताखालचे-वरचे सगळे उत्तरेचेच. त्याचे होकार कुठे अडत नव्हते. हिल्डुर मात्र दिवसभर भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, भिंतींशीही न बोलता.

अशात समोरच्या दारातली एलना ओकेसोन जिन्यात भेटली. थोराड अंगाची, बोलघेवडी बाई. हिल्डुरला आडनावाने हाक मारून म्हणाली, "मार्कलुंडबाई, दहा तारखेला आमच्याकडे सणाचा हंस भाजायचाय. तुमच्या यजमानांची रात्रपाळी आहे म्हणे, तर तुम्ही एकट्या तरी या. याल ना?"

हिल्डुरने इतक्या आनंदाने श्वास ओढला की ठसकाच लागला. मग आठवडाभर ती त्या एका जेवणावर जगली. एक घर उघडलं तर दुसरं उघडेल, मग कदाचित जमेलही इथे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तिने निळा झगा इस्त्री केला आणि गावाकडून आणलेलं, कॉफीत बुडवून खायचं चीज फडक्यात बांधून घेतलं.

दहा तारखेला तिने दार वाजवलं तेव्हा आत पाहुणे आधीच खुर्च्यांवर बसलेले होते. मोकळी खुर्ची नव्हती, जादा ताट नव्हतं. एलना हातात डाव घेऊन तशीच उभी राहिली.

"अगंबाई, तुम्ही येणार होतात?"

"तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं."

"कधी म्हटलंत? तुम्ही तर नुसत्या दचकलात. मला वाटलं, हंसाचं नाव काढल्यावर बाईंच्या पोटात ढवळलं."

टेबलावरचे सगळे हसले. एलना मनाने वाईट नव्हती. तिने लगेच कुणाला तरी स्वयंपाकघरातलं स्टूल आणायला पिटाळलं. पण हसणं ऐकून झालेल्या माणसाला स्टुलावर बसवत नाही. चीज द्यायलाच आले होते, असं काहीतरी पुटपुटून हिल्डुर माघारी वळली.

घरी रागनवाल्ड कामावर जायला बुटांच्या नाड्या बांधत होता. इतक्यात कशी आलीस, एवढंही त्याने विचारलं नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. तिच्या भावाचा, अल्गोतचा फोन कारखान्यात आला होता आणि एका सोबत्याने त्याचा निरोप आणून दिला होता. स्टॉकहोमचा कोणी माणूस त्यांचं घर उन्हाळ्यात राहायला म्हणून विकत मागत होता आणि त्याला तातडीने उत्तर हवं होतं. हे सगळं तो खाली मान घालून सांगत होता. हिल्डुर कोट न काढता दाराला टेकून होती. तिच्या कानात अजून ते हसणं होतं.

"मग देऊन टाकू म्हणतेस?" त्याने विचारलं.

तिला रडू फुटत होतं. ते आवरायला तिने ओठ आवळून श्वास आत ओढला. रागनवाल्डने टोपी घातली आणि तो निघून गेला.

सकाळी तो परतला तो मोकळ्या चेहऱ्याने. घर दिल्याचं त्याने पाळीवर जाताच फोनवरून अल्गोतला कळवलं होतं, अल्गोतने त्या माणसाच्या हातावर हात मारलाही होता.

"कुणाला विचारून?" हिल्डुर म्हणाली.

"तुलाच की. काल निघताना. तू हो म्हणालीस."

"मी रडत होते, रागनवाल्ड."

त्याने टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाला, शब्द दिलाय, आता फिरवता येणार नाही. आणि कारखान्याने त्याला कायम केलं होतं. तिकडे परत जाऊन खायचं काय, हा गाव सोडतानाचा प्रश्नही त्याने पुन्हा काढला. तिला विचारायचं होतं ते वेगळंच. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खरं सांग. मी रडतेय, हे तुला कळलं होतं ना?"

रागनवाल्डने मान खिडकीकडे फिरवली. बाहेरच्या शेतांकडे बघतच त्याने हळूच श्वास आत ओढला.