'चुकून' एवढाच शब्द

"एकच शब्द आहे हो, आई. 'चुकून'. लिहून मोकळ्या व्हा ना!"

"चुकून झालंच नाही, तर लिहू कसं?"

सुनेने कपाळावर हात मारला. सव्वानऊ वाजले होते. दहाला दोघींनाही कामावर पोचायचं होतं आणि साहेबांनी दिलेल्या मसुद्यावरून लिहिलेला माफीचा कागद त्याआधी त्यांच्या टेबलावर हवा होता.

सासूबाईंनी एकतीस वर्षं स्टेशनातली बायकांची वेटिंग रूम सांभाळली. डोळा लागलेल्यांना गाडीच्या वेळेला हलवायचं, घुसणाऱ्या पुरुषांना हाकलायचं, कुणाला आधी जागा द्यायची ते चेहऱ्यावरून ओळखायचं. मग गाड्या बंद झाल्या, स्टेशनाचं प्रदर्शन केंद्र झालं. सून तिथे तिकिटं देऊ लागली आणि तिच्याच शब्दावर सासूबाईंना त्याच खोलीच्या राखणीला ठेवलं. खोली तीच, बाकं तीच. फक्त बाकांभोवती दोरी आणि 'बसू नये' ही पाटी.

परवा आठवा महिना लागलेली एक बाई तिथे भिंतीला टेकली. ओठ पांढरेफटक. सासूबाईंनी दोरी सोडली नि म्हणाल्या, "बसा." बाकाची जुनी वेताची बैठक फाटली. कॅमेऱ्यात सगळं दिसलं.

"पुढच्या महिन्यात मी कायम होणारेय," सुनेचा आवाज चढला. "साहेब म्हणतात, माणूस तुम्ही आणलंत, निस्तरा तुम्हीच. तुमच्या हट्टापायी मी का घरी बसायचं?"

"लिही ना गं आई," मुलगा गालावरचा फेस पुसत आला. "कोण वाचतंय?"

"मी वाचतेय. उद्या आणखी कुणी पडायला आली तर काय करू? परत चुकू?"

मुलाला हसू फुटलं. सून हसली नाही. "बाहेर खुर्च्या होत्या की!"

"चाळीस पावलांवर. तिच्यात चार उरली नव्हती."

"आणि माझं काय?"

हे सुनेने इतकं हळू विचारलं, की सासूबाईंनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. गणवेशाच्या बाहीची इस्त्रीची घडी मुठीत चुरगळली होती.

त्यांनी साहेबांचा मसुदा उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद सुनेपुढे ठेवला.

"राजीनामा आहे. बाईला मी मुद्दाम बसवलं, सुनेचा संबंध नाही, असं लिहिलंय. तूच नेऊन दे. मी आजपासून कामावर येत नाही."