बगळ्यांना मागे घेऊन गेलेला ग्यानोबा

ग्यानोबाचा राग कधी मोठ्यानं बोलत नसे. राग आला की तो डोक्याचा पटका सोडायचा, झटकायचा आणि पुन्हा आवळून बांधायचा. त्या सकाळी नऊच्या आत त्यानं तीनदा पटका बांधला होता.

अहमदपूरकडच्या एका खेड्यात तीस वर्षं त्यानं नांगर धरला. तासातून उलटलेल्या मातीतले किडे टिपायला बगळे त्याच्या टाचेमागं चालायचे. एकटाच औत हाणतोस का, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, एकटा कुठला, मागं शंभर गडी हायेत. पुढं बैल गेले, गावात ट्रॅक्टर आले. तोही ट्रॅक्टर शिकला, पण शेजाऱ्यांच्या रानात रोजानं जाणं त्याच्या जिवावर यायचं. अशात विमानतळावर पाखरं हाकायला माणूस पाहिजे असल्याचं लेकीच्या सासरी कळलं, आणि ग्यानोबा विमानांची राखण करू लागला.

उतरत्या विमानाच्या इंजिनात एखादा पक्षी गेला तर काय होतं, हे त्याला सुरक्षेच्या अधिकारी तनुजा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानं ते लेकरांच्या दुखण्यासारखं मनावर घेतलं. दिवस उगवायच्या आत तो धावपट्टीच्या कडेनं चालत निघे. टिटवीनं अंडी कुठं घातली, पाणी कुठं साचलं, कुंपणापलीकडं कुणी मेलेलं जनावर टाकलं का, सगळं बघून घेई. घारी जमू नयेत म्हणून मेलेली कुत्री त्यानं स्वतः खड्डा खणून पुरली होती. इतर वेळी हातात फटाके आणि पत्र्याचा डबा.

गवत कापायचं ते शेवटचं विमान गेल्यावरच, हा नियम मॅडमनी त्याच्याच सांगण्यावरून केला होता. दिवसा गवत कापलं की आतले नाकतोडे उघडे पडतात आणि बगळ्यांना आवतण जातं.

त्या दिवशी अकरा वाजता कुणी बडा पाहुणा उतरणार होता. आठवडाभराच्या झडीत गवत गुडघ्याला लागलेलं. गवताचा ठेका उमाशंकरकडं होता, आणि पाहुण्याला सगळं कसं गुळगुळीत दिसलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. मॅडम सकाळी बंदोबस्ताच्या बैठकीला गेलेल्या. आठ वाजता उमाशंकरनं कापणी यंत्र जोडलेला ट्रॅक्टर थेट धावपट्टीच्या कडेला घातला.

ग्यानोबा धावत गेला. नियम सांगितला, बगळे येतील म्हणून सांगितलं, हातही जोडले. उमाशंकर मजुरांकडं बघून हसला. "हे बघा, पाखरांचे वकीलसाहेब आले. फी किती घेता हो?"

मजूर हसले. ग्यानोबानं पटका सोडला.

पाऊण तासात पहिला बगळा उतरला. मग दहा, मग मोजता येऊ नयेत इतके. कापलेल्या गवतावर पांढरी चादर अंथरल्यागत दिसू लागलं. ग्यानोबानं फटाके फोडले. बगळे उठायचे, एक गिरकी घ्यायचे आणि पुन्हा तिथंच बसायचे. खायला एवढं मिळत असताना फटाक्याला कोण विचारतो.

हैदराबादकडून येणारं प्रवासी विमान वीस मिनिटांवर आलं होतं. विमान यायचं म्हणून ट्रॅक्टर बाजूला काढला, पण बगळे जागचे हलेनात. टॉवरशी बोलायचा वायरलेस ट्रॅक्टरबरोबर असे, तो उमाशंकरच्या हातात होता. ग्यानोबा म्हणाला, वर टॉवरला कळवा, विमान थोडं थांबवा.

"आणि वरून विचारलं की गवत कुणी कापलं, तर?" उमाशंकर म्हणाला. "फटाके वाजव तू. पगार त्याचाच घेतोस ना?"

"आत साठ-सत्तर माणसं हायेत, मालक."

"मला शिकवू नको."

त्या क्षणी ग्यानोबाला वाटलं, या माणसाच्या मुस्काटात द्यावी. हात उचललाही गेला होता. पण त्यानं तो ट्रॅक्टरच्या चाकाजवळच्या कडीला घातला आणि वर चढला. चालक अमरेश म्हणाला, "मामा, काय करून राहिलात?"

"उतर खाली."

अमरेश उतरला. ग्यानोबानं यंत्र चालू करून ट्रॅक्टर पार दूर, नाल्यापलीकडच्या कुंपणाकडं वळवला. तिथलं गवत कंबरेइतकं होतं. पात्याखाली ते पडू लागलं आणि नाकतोड्यांचे लोट उडाले. त्यानं मागं वळून बघितलं नाही. तीस वर्षांत कधी बघावं लागलं नव्हतं. आधी थोडे बगळे आले, मग सगळी चादरच उचलली गेली आणि त्याच्या मागं जाऊन पडली. उमाशंकर मागून काहीतरी ओरडत होता. विमान उतरलं, धावलं, थांबलं. माणसं पिशव्या घेऊन खाली उतरली आणि आपापल्या वाटेनं गेली.

पाहुणा आला आणि गेला. दुपारी मॅडमच्या खोलीत ग्यानोबापुढं कागद आला. उमाशंकरनं आधीच लिहून आणलेला; तो बाजूलाच उभा होता. 'चुकून परवानगीशिवाय ट्रॅक्टर चालवला.' मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, आत यायचा पास आज जमा करावाच लागेल, पण एवढ्यावर सही केली तर आठ दिवसांत तो परत मिळेल. जाणूनबुजून म्हटलं तर चौकशी लागेल. काम जाईलसुद्धा."

ग्यानोबानं कागद बोटानं परत सरकवला.

"चुकून न्हाई नेला. जाणून नेला. मी चुकून म्हणलो, तर उद्या हे म्हणतील, गवतबी चुकूनच कापलं. आन् परवा पुन्हा कापतील."

"मामा, विचार करा."

"तीस वर्सं केलाय. तुमी लिवा, मी सांगतो."

मॅडमनी कोरा कागद घेतला. त्यानं सांगितलं तसं लिहिलं: ट्रॅक्टर किती वाजता लागला, कुणी लावला, नियम काय होता, वायरलेस कुणाच्या हातात होता, विमान थांबवायला कुणी नकार दिला, आणि मग शेवटी, ट्रॅक्टर कुणी जाणून नेला. उमाशंकर मध्ये बोलायला गेला. मॅडमनी लिहिता लिहिता डावा हात वर करून त्याला थांबवलं.

"आता मोठ्यानं वाचा," ग्यानोबा म्हणाला. "यांच्यासमोर."

मॅडमनी वाचलं. उमाशंकरच्या नावाशी आल्या तेव्हा ग्यानोबा म्हणाला, "ती ओळ पुन्हा." त्यांनी ती पुन्हा वाचली.

मग त्यानं गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला, पेन मुठीत धरला आणि एकेक अक्षर दाबून, सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहिलं.